तुकड्याची बेडी

(बुटीबोरीच्या वस्तीत बुद्धविहारासमोर केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून काढलं आहे. काही सन तेवढे घरी येऊन पुस्तकात बघून भरले.)



मला सांगितलं होतं, कविता म्हण. कविता आज राहू द्या. बोर्डावर 'कवी' लिहिलंय आणि त्याच्या खाली कुणीतरी खडूनं 'गोदी कामगार' लिहिलंय, ते बरं केलं. मी इथलाच पोरगा. मुंबईच्या गोदीत माल उतरवतो. दहावी पास. इंग्रजी अडखळत वाचतो, पण वाचतो.

परवा गाडीतून उतरलो तर नाक्यावर पहिली बातमी हीच, की पाडव्याच्या आधी ठेकेदार उचल वाटायला येणार. घरटी वीस हजार, तीस हजार. एक वीटभट्टीचा आहे, एक कारखान्यात माणसं पुरवणारा आहे. कोऱ्या स्टँपवर सही, आधार कार्डाची झेरॉक्स, आणि बँकेचं कार्ड त्याच्यापाशी ठेवायचं. तीन पोरं मला म्हणाली, "दादा, घेऊ का? पैसा तं हाती येते ना." मी म्हटलं, सभेत सांगतो.

आता सांगतो. पण थोडा लांबून येतो, कारण हा खेळ फार जुना आहे.

हजार वर्षांमागची गोष्ट. इंग्लंडच्या राजानं १०८६ साली आपल्या मुलखाची मोजदाद केली. कोणाच्या गावात किती नांगर, किती गिरण्या, किती माणसं, सगळं वहीत मांडलं. त्या वहीत जी माणसं मोजली त्यांतला दहातला एक जण गुलाम निघाला. विकायचा, विकत घ्यायचा, बैलासारखा. ब्रिस्टल नावाचं बंदर आहे, तिथून माणसं बोटीत घालून आयर्लंडला विकत. तिकडं दक्षिणेत व्हेनिस, जिनोआ ही बंदरं. तिथले व्यापारी काळ्या समुद्राकडून पोरी आणून विकत. स्लाव नावाचे लोक इतके धरले, इतके विकले, की इंग्रजीत गुलामाला 'स्लेव्ह' म्हणतात तो शब्द त्यांच्याच नावावरून पडला. फ्लॉरेन्स शहरानं १३६३ साली कायदाच केला, की ख्रिस्ती नसलेला गुलाम बाहेरून आणायला हरकत नाही. आणल्या बहुतेक बायका. घरकामाला, आणि मालकाच्या बिछान्याला.

हे वाचताना मी धक्क्यावर बसलो होतो. बोट उशिरा लागणार होती. मनात आलं, या लोकांनाही कोणीतरी हमालच उतरवत असतील.

तुम्ही म्हणाल, हे गोऱ्यांचं. आपल्याकडं असं नव्हतं. होतं. पेशवाईचं दप्तर काढा. त्यात 'कुणबीण' हा शब्द येतो. कुणब्याची बायको असा अर्थ तिथं नाही, विकत घेतलेली बाई असा आहे. या बायका किल्ल्यांवर, कोठारांत, पागेत, वाड्यांत राबत. कोणी दुष्काळात आईबापानं विकलेली, कोणी मुलूखगिरीत धरून आणलेली, कोणाला 'बदकर्म केलं' म्हणून सरकारनंच गुलाम केलेली. त्यांच्या किमती ठरत, त्या कागदावर चढत. त्यांच्या पोटी मालकापासून झालेल्या पोराला लेकावळा म्हणत. पुण्याच्या सनई-चौघड्याखाली हे चाललं होतं. पुढं इंग्रजांनी १८४३ साली कायदा करून गुलामीला कोर्टात मान्यता द्यायची नाही असं ठरवलं.

पण आज मला उघड्या गुलामाबद्दल बोलायचं नाही. त्याची बेडी दिसते. मला दुसऱ्या माणसाबद्दल बोलायचंय.

युरोपात पुढं पुढं विकायचे गुलाम कमी झाले. मालकांच्या ध्यानात आलं, की गुलामाला बारा महिने खायला घालावं लागतं. त्यापेक्षा त्याला जमिनीचा एक तुकडा द्यावा. त्यात तो आपलं आपण पिकवील, आपलं आपण खाईल, पोरं वाढवील, आणि त्या तुकड्याच्या बदल्यात आपल्या वावरात फुकट राबेल. तुकडा सोडून कुठं जाणार? असा माणूस म्हणजे सर्फ. इंग्लंडात त्याला व्हिलेन म्हणत. हसू नका. सिनेमातला 'व्हिलन' तोच. मुळात त्याचा अर्थ गावात राबणारा माणूस. बोलणारे मालक होते म्हणून राबणाऱ्याचं नाव बदमाशाला लावलं गेलं. आपल्या जातींच्या नावांच्या शिव्या कशा झाल्या, ते आता वेगळं सांगत नाही.

या सर्फानं आठवड्यातले दोन-तीन दिवस मालकाच्या जमिनीत फुकट राबायचं. सुगीत आणखी जास्ती. पोरीचं लग्न करायचं तर मालकाला पैसा भरायचा. सर्फ मेला की त्याच्या घरातलं सगळ्यात चांगलं जनावर मालक घेऊन जाणार, प्रेत घरात असतानाच. आणि दळण मालकाच्याच गिरणीत दळायचं, पिठातला हिस्सा तिथं ठेवून यायचं. घरी जातं ठेवायला बंदी.

या जात्याची एक गोष्ट आहे. ती ध्यानात ठेवा.

इंग्लंडात सेंट ऑल्बन्स नावाचं गाव आहे. तिथं ख्रिस्ती साधूंचा मठ होता आणि सगळा गाव मठाचा कूळ. बायका चोरून घरी जातं ठेवत. तिथला महंत रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड मोठा विद्वान, आकाशातले ग्रह दाखवणारं घड्याळ बनवणारा. जन्मानं कोण? लोहाराचा पोर. या लोहाराच्या पोरानं १३३१ च्या सुमाराला घराघरांतली जाती जप्त केली आणि मठातल्या बैठकीच्या खोलीत त्यांची फरशी घातली. म्हणजे जो कूळ तिथं हात जोडून जाईल, त्यानं आपल्या आईच्या जात्यावर पाय ठेवूनच उभं राहायचं.

पन्नास वर्षं ती फरशी तिथं राहिली. पुढं काय झालं ते नंतर सांगतो.

आता आपल्याकडं या. देशावर महाराला वतन होतं. वतन म्हटलं की आमच्या म्हाताऱ्यांची छाती फुगायची. बावन्न हक्क! बेदरच्या बादशहानं दिले म्हणायचे. काय होतं त्या हक्कांत? गावाच्या कडेला जमिनीचा तुकडा. सुगीला खळ्यावर जाऊन मागायचं बलुतं. मेलेल्या ढोराचं कातडं आणि मांस. आणि त्याच्या बदल्यात? वेशीची राखण, सरकारी सारा डोक्यावरून तालुक्याला पोचवणं, साहेबाच्या घोड्यापुढं पळणं, पाटलाकडं लाकडं फोडणं, कोणी मेलं की दहा गावं सांगावा घेऊन उन्हातान्हात हिंडणं, ढोरं ओढणं. वेळ काळ नाही. रात्री दोनला हाक आली तरी उठायचं. घरचा कर्ता नसला तर त्याचा बाप नेतील, पोर नेतील, बाईला नेतील. त्याला नाव वेठ, बेगार.

सर्फाचा तुकडा आणि वतनाचा तुकडा शेजारी ठेवून बघा. वाटण्या होत होत वतनाचा तुकडा एवढा लहान झाला, की त्यावर एका घराचं एक महिना भागेना. पण चाकरीची वाटणी झाली नाही. ती सगळ्या महारवाड्यावर पुरी बसली.

हे बाबासाहेबांनी ओळखलं. १९२७ साली महाडला त्यांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं, आणि त्याच साली 'बहिष्कृत भारता'त महार वतनावर लिहिलं. १८७४ च्या वतन कायद्यात बदल करायचं बिल १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात आणलं. मागणं साधं होतं. चाकरीचा रोख पगार ठरवा. ज्याला वतन सोडायचंय त्याला सोडू द्या, जमिनीचा सारा भरून तो ती कसेल. एवढ्यावर गावोगावचे पुढारी खवळले. विरोध इतका झाला की १९२९ साली बिल मागं घ्यावं लागलं. आणि दोस्तांनो, खोटं बोलायचं नाही, विरोधात आपलीही माणसं होती. वाडवडलांचं वतन, कसं सोडायचं? बलुतं बंद झालं तर पोरं काय खातील? त्यांना मी हसत नाही. भुकेल्या माणसाला तुकडा सोड म्हणणं सोपं नसतं. पण ज्या गावांत महारांनी ढोर ओढायला नकार दिला, तिथं गावानं काय केलं? किराणा बंद, पाणी बंद, मजुरी बंद. म्हणजे तुकडा हक्काचा होता की बेडीचा, हे गावानंच सिद्ध करून दाखवलं.

जुन्या मुंबई इलाख्यात ही कनिष्ठ वतनं १९५८ च्या कायद्यानं गेली, १ ऑगस्ट १९५९ पासून. जमीन परत मिळवायची तर सरकारात रक्कम भरायची. तेवढी रक्कम कोणाच्या घरात होती? रशियात १८६१ साली सर्फ मोकळे केले, तेव्हाही हाच न्याय. ज्या जमिनीत पिढ्यान् पिढ्या फुकट राबले, तिची किंमत एकोणपन्नास वर्षांच्या हप्त्यांनी भरा म्हणाले. पुढं क्रांतीच्या भयानं १९०७ पासून ते हप्ते माफ केले. मोकळं व्हायचे पैसे गुलामाकडूनच घ्यायचे, ही अक्कल सगळीकडच्या मालकांना सारखीच सुचते.

पण सर्फात आणि आपल्यात एक मोठा फरक आहे.

सर्फ पळाला आणि एखाद्या सनद मिळालेल्या शहरात जाऊन एक वर्ष आणि एक दिवस लपून राहिला, की पुष्कळ ठिकाणी तो मोकळा. मालकाचा हक्क संपला. जर्मन मुलखात म्हणच होती, शहराची हवा माणसाला मोकळं करते. आपली माणसंही पळाली. मुंबईला आली, नागपूरला आली. टाटांची एम्प्रेस मिल इथं १८७७ साली सुरू झाली. पोटाला काम मिळालं. पण मुंबईच्या गिरण्यांत काय झालं ते बघा. विणाई खात्यात पगार जास्ती. तिथं धोट्यातून सूत तोंडानं ओढावं लागे. महाराच्या तोंडाला लागलेलं सूत विटाळतं म्हणून आपल्या माणसाला त्या खात्यात घेत नव्हते. ज्यांना विटाळ व्हायचा ते कोण? सोबतचे कामगार. लाल बावट्याखाली उभे राहणारे. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हाच सवाल पुढं टाकला होता. सर्फाची बेडी जमिनीला बांधलेली होती, जमीन सुटली की बेडी सुटली. आपल्या बेडीची एक कडी जन्माला बांधलेली. ती रेल्वेत बसून आपल्याबरोबर आली.

बाबासाहेबांनी गुलाम आणि अस्पृश्य यांची तुलना केलेली आहे. त्यांच्या माघारी महाराष्ट्र सरकारनं छापलेल्या त्यांच्या लिखाणात ती सापडते. तिचा मतलब असा, की गुलामावर मालकाचा पैसा गुंतलेला असतो, म्हणून तो त्याला जगवतो. अस्पृश्यावर कोणाचाच पैसा गुंतलेला नाही. तो मेला तर कोणाचंच काही जात नाही. आता आजच्या कंत्राटी माणसाकडं बघा. उंचावरून पडला तर ठेकेदार गेटबाहेर आणून ठेवतो, दुसऱ्या दिवशी दुसरा उभा. कोणाचं काय गेलं?

आपल्या नागपूरकडची रीत देशावरच्यासारखी नव्हती. भोसल्यांचं राज्य गेल्यावर इंग्रजांनी मालगुजारांना गावाचे मालक करून टाकलं. आपला माणूस गावचा कोतवाल, नाहीतर जाडंभरडं कापड विणणारा, नाहीतर वावरातला गडी. मालगुजारी १९५१ मध्ये कायद्यानं गेली, पण घरच्या कसणुकीतलं वावर त्यांच्याकडंच राहिलं, आणि वावराबरोबर सालगडी राहिला.

माझा आजा सालगडी होता. १९७१ साली त्यानं बहिणीच्या लग्नासाठी मालकाकडून ३०० रुपये घेतले. पाडव्याला साल धरलं. ज्वारी आणि वर्षाचे ठरलेले पैसे. पहाटे चारला कोठ्यात शेण, रात्री दहाला बैलांना वैरण. पुढच्या पाडव्याला हिशोब झाला तेव्हा तीनशेचे चारशे दहा निघाले. तापानं पडून होता ते खाडे कापले, दवाखान्याचे पैसे जोडले. त्याच्या पुढच्या साली बैल मेला, तो बैलही याच्या नावावर चढला. आजाला वाचता येत नव्हतं. मालक वही वाचायचा, हा अंगठा द्यायचा. आजी म्हणायची, "तुह्या आज्याच्या अंगठ्याले शाई कधी सुकलीच नाही, बाप्पा."

त्या मधल्या काळात देशात काय झालं? घटनेच्या तेविसाव्या कलमानं वेठबिगारी २६ जानेवारी १९५० लाच बंद केली होती. २५ ऑक्टोबर १९७५ पासून वटहुकूम लागू झाला, १९७६ साली कायदा झाला. त्यात लिहिलंय, की अशी सगळी कर्जं रद्द, मजूर मोकळा, पुन्हा वेठीला धरील त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड. म्हणजे त्या दिवशी माझा आजा कायद्यानं मोकळा झाला होता. त्याला कोणी सांगितलं नाही. गावातला रेडिओ मालकाच्या ओसरीत होता. आणखी चार वर्षं तो त्या ओसरीसमोर शेण काढत राहिला, मिटलेलं कर्ज फेडत राहिला.

१९८० च्या पाडव्याला तो गेला नाही. आदल्या रात्री आजी आणि माझा बाप, तेव्हा लहान, यांना घेऊन नागपूरला पायी निघाला. मालधक्क्यावर हमाली केली. मालकाची माणसं दोनदा शोधत आली. दुसऱ्या वेळेला धक्क्यावरचे सगळे हमाल आकडे हातात घेऊन त्याच्यामागं उभे राहिले. माणसं परत गेली. कायदा त्याच्यापर्यंत कधीच पोचला नव्हता. हमाल पोचले.

असंच ठाणे जिल्ह्यात झालं. तिथं वारली आदिवासी लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेई आणि नवराबायको दोघं त्याच्या घरी राबत. त्याला लग्नगडी म्हणत. १९४५ साली तलासरीजवळच्या झरी गावात किसान सभेच्या परिषदेला हजारो वारली जमले आणि त्यांनी ठरवलं, फुकट वेठ करायची नाही. त्या वेळी या कामात असलेल्या गोदावरी परुळेकरांनी ते सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलंय. त्याच साली पोलिसांनी गोळीबार केला, वारली मेले. पण वेठ मोडली.

आता माझं सांगतो, नाहीतर म्हणाल हा दुसऱ्यांनाच शिकवतो. दोन वर्षांमागं माय आजारी पडली. मी गोदीतल्या मुकादमाकडून वीस हजार उचल घेतली. मुकादम आपलाच. घरात बाबासाहेबांचा फोटो, चौदा एप्रिलला निळा फेटा. त्यानं माझं एटीएम कार्ड ठेवून घेतलं. पगार खात्यात यायचा, काढायचा तो, मला हातात द्यायचा उरलेलं. चौदा महिने. दुसरीकडं दिवसाला दीडशे रुपये जास्ती मिळत होते, जाता येत नव्हतं. पाठ दुखली तरी खाडा करता येत नव्हता. मी कविता लिहीत होतो क्रांतीच्या आणि माझं कार्ड दुसऱ्याच्या खिशात. म्हणून मला त्या लोहाराच्या पोराची गोष्ट झोंबली. आपल्यातला एक वर गेला म्हणून आपली जाती सुटत नाहीत. कधी कधी तोच त्यांची फरशी करतो.

आता ती फरशी पुढं ऐका. १३४८-४९ साली युरोपात प्लेग आला. इंग्लंडात तिसरा हिस्सा, कोणी म्हणतात निम्मी, माणसं मेली. कामाला माणूस मिळेना. मजूर जास्ती मागू लागला. मालकांनी लगेच १३५१ साली कायदा केला, की प्लेगच्या आधी होती तेवढीच मजुरी घ्यायची. लोक ऐकेनात. एका मालकाला सोडून जास्ती देणाऱ्याकडं जाऊ लागले. वर डोईपट्टी बसवली. शेवटी १३८१ साली खेड्यापाड्यांतून उठाव झाला. लोक लंडनवर चालून गेले. जिथं जिथं गेले तिथं त्यांनी मालकांची दप्तरं जाळली, कारण कोण कोणाचा सर्फ ते त्या दप्तरांत लिहिलेलं होतं. आणि सेंट ऑल्बन्सचे लोक मठात घुसले, त्यांनी ती जात्यांची फरशी उखडली, फोडली, आणि प्रत्येकानं एकेक तुकडा घरी नेला.

राजानं मुक्तीचे कागद लिहून दिले आणि काही दिवसांत रद्द केले. सेंट ऑल्बन्सचा पुढारी विल्यम ग्रिंडकॉब याला मारलं. सगळं हरले असं वाटलं. पण पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत इंग्लंडातून सर्फपणा जवळजवळ निघून गेला. तो घालवणारा मोठा कायदा कोणी केला नाही. माणसं थांबेनात, फुकट राबेनात, म्हणून तो गेला.

आता त्या तीन पोरांचा सवाल. घेऊ का?

दोस्तांनो, मी 'घेऊ नका' म्हणून टाळ्या घेऊन मुंबईला निघून जाईन, आणि तुमच्या घरात दवाखाना असेल. तसं मी बोलणार नाही. सांगतो एवढंच. कोऱ्या कागदावर सही कोणीच करायची नाही. बँकेचं कार्ड कोणीच द्यायचं नाही. वस्तीतल्या बायकांचा बचत गट आहे. तरण्या पोरांनी खर्रा आणि मोबाइलचा पैसा वाचवून त्याच्याजवळ दुसरी भिशी उभी करावी, फक्त दवाखान्यासाठी. ती सगळ्यांना पुरणार नाही, मला ठाऊक आहे. ज्याला उचल घ्यावीच लागेल त्याला नावं ठेवू नका. पण त्यानं एकट्यानं जाऊन घेऊ नये, पाच जण सोबत जावेत. आणि हिशोबाची वही आपली असावी. हजेरी रोज आपण लिहायची, दिलेला पैसा आपण लिहायचा. आपल्याकडं शिकलेल्या पोरी आहेत. माझ्या आजाला जी वही वाचता आली नाही, ती त्या लिहितील.

आणि हे ध्यानात ठेवा. सुप्रीम कोर्टानं १९८२ साली दिल्लीच्या एशियाड मजुरांच्या खटल्यात सांगितलंय, की किमान वेतनाहून कमी पैशात काम करून घेणं म्हणजेच वेठबिगारी. उचल आहे म्हणून काम सोडता येत नसेल, मजुरी कमी मिळत असेल, तर थेट कलेक्टरकडं अर्ज जातो. कायदा आहे. तो चालत येत नाही, आपण जाऊन आणावा लागतो, आणि पन्नास जण मिळून गेलो तर लवकर येतो.

मी पाडव्यापर्यंत इथंच आहे. तिकीट पुढं ढकललंय. ठेकेदार येईल त्या दिवशी सकाळी इथं विहारासमोर बसू. दोन वह्या मी आणल्यात.

जयभीम.